टोकाला कोण असतो?

फ्रेमच्या दुकानात पट्टीचे तुकडे साठतात. चार इंचाचे, सहा इंचाचे, एखादा वीतभर. फ्रेमला पुरत नाहीत आणि पॉलिश इतकं छान असतं की टाकवतही नाहीत. मग कोपऱ्यात उभे करून ठेवायचे. वर्षभराने बघावं तर कोपराच गायब!

किश्श्यांचं तसंच होतं. बेंगळूरला बसवनगुडीत माझं दुकान जुनं. गल्लीतलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं आणि प्रत्येक गेलेला माणूस माझ्या काचेखालून जातो. त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय हे मला विचारावं लागत नाही. तरी मी विचारतो! आमची सुमन म्हणते, "तुमचं नाक काचेला टेकून टेकून चपटं झालंय."

समोरच्या फ्लॅटात दोन मुली राहायला आल्या, आणि तेव्हापासून इतके तुकडे साठलेत की उभे करायला जागा नाही. तेव्हा बसा. स्वल्प कॉफी घ्या. सांगतो.

*

मृण्मयी पुण्याची, चैत्रा म्हैसूरची. पहिल्या दिवशी दोघी सामान घेऊन आधी मागच्या क्रॉसला गेल्या, मग पुढच्या क्रॉसला, आणि तिसऱ्या खेपेला आमच्या क्रॉसला आल्या. आल्या त्या आमच्याच दाराशी! सुमनने सरबत दिलं आणि समोरचं दार दाखवलं. आमच्याकडे सगळे असेच येतात. उभा रस्ता तो मेन, आडवी गल्ली ती क्रॉस. मेन, क्रॉस, पुन्हा मेन. पाहुणा सरळ घरी आला तर आम्हालाच संशय येतो.

दोघी एकाच लॅबमध्ये. मी दहावी पास. लॅब म्हटलं की मला रक्त-लघवी तेवढं ठाऊक. आठवड्याने मी प्रेमाने विचारलं, "रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, की दुसऱ्या दिवशी?"

मृण्मयी म्हणाली, "काका, मला चार वर्षं झाली. अजून मिळाला नाही."

*

एका सकाळी मी पेपर उचलायला दार उघडलं. समोर मृण्मयी फोनवर आईशी बोलत होती. मी कान दिला नव्हता, पण कान काय, असतोच.

"अगं आई, सांगाडाच उभा राहत नाहीये. काल नीट होता, आज बघते तर विरघळलेला! चैत्राचा मात्र मस्त आहे. हिरवागार."

मी पेपर न घेताच आत आलो. सुमनला सांगितलं. तिने तव्यावरचा डोसा उलटला, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "हिरवा म्हणाली? मग बघूनच या." हातात चित्रान्नाचा डबा दिला. रिकाम्या हाताने चौकशीला जायची आमच्यात पद्धत नाही.

मृण्मयीने लॅपटॉप उघडून दाखवला. काळंभोर आभाळ, त्यात एक हिरवी फांदी, आणि फांदीच्या टोकाला पसरलेला पंजा. पंज्याच्या कडेने लाल, केसासारखे बारीक धागे, सगळीकडे हात काढल्यासारखे.

"ही मज्जातंतूची पेशी, काका. वाढतेय. तिच्या आतल्या सांगाड्याला आम्ही रंग दिलाय."

"हाडं कुठायत?"

"हाडं नसतात ह्या सांगाड्यात. मधे नळ्या असतात, त्या हिरव्या. टोकाला बारीक दोऱ्या, त्या लाल. पुढे बांधायचं, मागचं सोडायचं, परत पुढे बांधायचं. त्याच्यावर पेशी पुढे सरकते."

"पोरी, रोज बांधायचा आणि रोज सोडायचा, तो सांगाडा नव्हे. तो मांडव!"

मृण्मयीने चमचा खाली ठेवला आणि खरंच वही काढून ते लिहून घेतलं.

घरी आलो तर सुमन दारातच. "काय निघालं?"

"मांडव."

"अय्यो! कुणाचं लग्न?"

*

फ्रेमवाल्याचा सगळा जन्म कोनात जातो. पट्टी पंचेचाळीस अंशात कापायची, दुसरी तशीच कापायची, दोघींना भेटवायचं. भेट नीट झाली तर काटकोन, नाही तर फट. म्हणून मृण्मयी 'ग्रोथ कोन' म्हणाली तेव्हा मला फार बरं वाटलं. वाटलं, शेवटी आमच्या धंद्यावर आली!

"वाढणाऱ्या तंतूच्या टोकाला ग्रोथ कोन असतो, काका."

"किती अंशाचा?"

"अंशाचा नाही हो! आइस्क्रीमचा असतो ना, तसा कोन."

सुमन स्वयंपाकघरातून ओरडली, "टोकाला कोण असतो म्हणालीस?"

"कोन, काकू."

"तेच विचारतेय मी. कोण?"

"अहो कोनच!"

"म्हणजे त्याचं नाव माहीत नाही का तुम्हाला?"

मृण्मयीला हसून हसून उचकी लागली. पाणी प्याली, डोळे पुसले. खिडकीतून पारिजातकाच्या झाडाकडे बघत राहिली. म्हणाली, "खरं सांगू काकू? नाही माहीत. त्याला डोळे नाहीत, नकाशा नाही. आंधळ्यासारखा चाचपत जातो, आणि तरी बरोबर पोचतो. कसा पोचतो, तेच शोधतोय आम्ही."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नावच 'कोण' पडलं. समोरचं दार उघडलं की सुमन विचारायची, "काय म्हणतोय आज कोण?"

*

आमचे ओनर खाली राहतात. घर देताना एकच अट: अंडं चालणार नाही. कागदावर लिहून घेतात!

एका सकाळी मृण्मयी रिक्षातून उतरली ती दोन ट्रे अंडी पोटाशी धरून. कोंबडीवाल्याकडून लॅबला चालली होती, लॅपटॉप घरी विसरला म्हणून पाच मिनिटं आली. ओनर गेटपाशी तुळशीला पाणी घालत होते. पाणी तसंच वाहत राहिलं.

"एनम्मा इदु?"

"अंडी, अंकल. पण खायला नाहीत!"

"मग?"

"आत पिल्लू वाढत असतं ना, त्याच्या पाठीजवळचे मज्जातंतू काढून बघतो आम्ही."

ओनर पायरीवर बसले. मग हळूच म्हणाले, "खाल्ली असतीस तर मी ओरडून मोकळा झालो असतो!"

*

मग तो दिवस.

संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळची वेळ, दुकानात ऊन आलेलं. एका घरच्या एकसष्टीचा ग्रुप फोटो, त्याची दोन बाय तीनची काच मी टेबलावरून उचलली, आणि ती सुटली. काच पडते तेव्हा कुणीही हात मागे घेतो. फ्रेमवाला पुढे करतो. सवय!

उजव्या मनगटाची आतली बाजू. मृण्मयी त्याच वेळी लॅबला निघाली होती. तिने स्वतःची ओढणी गुंडाळली आणि हॉस्पिटलपर्यंत माझा हात वर धरून दाबून ठेवला. रिक्षावाल्याला सारखी म्हणत होती, "अण्णा, बेगा, बेगा, लवकर."

डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली नस शिवली. शुद्धीवर आलो तर अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं डोळ्यांना दिसत होती, पण माझी नव्हती. दुसऱ्या कुणाची तरी आणून लावल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "जोडलंय. पण जोडाच्या पुढची आतली तार मेलेली असते. वरून नवीन वाढत यायला पाहिजे. येईल. किती येईल, ते आज सांगता येत नाही."

लोकांना वाटतं फ्रेमवाला डोळ्याने काम करतो. डोळा फसतो हो. कोपऱ्यावरून बोट फिरवलं की केसाएवढी फट कळते. काचेची धार मेली की जिवंत, ते अंगठ्याला कळतं. ह्या तीन बोटांवर माझं दुकान उभं होतं.

निखिल, आमचा मुलगा, महादेवपुऱ्याला आयटीत आहे. त्या रविवारी आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, आता बास. दुकान देऊन टाकू. परत काच हातात घ्यायची नाही. कळणारच नाही तुम्हाला कुठं कापलं ते."

त्याचंही चूक नव्हतं. सुमन म्हणाली, "नवरात्रातल्या आयुधपूजेपर्यंत थांब. तोवर बोटाच्या टोकाला काही कळलं तर दुकान राहील. नाही कळलं, तर तू म्हणशील तसं."

"सरी, तसं करू," निखिल म्हणाला.

संध्याकाळी मृण्मयी आली. दारातच उभी राहिली, डोळे लाल. चार वर्षं जे काचेवर बघतेय ते आता शेजारच्या काकांच्या हातात, हे तिला जड जात असावं. म्हणाली, "काका, रोज एक मिलिमीटर. साधारण तेवढा वाढतो."

मी म्हणालो, "एक मिलिमीटर? तेवढी तर माझ्या दुकानात चूक धरतात!"

*

सुमनने शिवणाची टेप काढली. टाक्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अठरा सेंटिमीटर. मृण्मयीने सांगितलं की निघायलाच महिनाभर जातो, मग चालायला लागतो. सुमनने कॅलेंडर उलटून सात पानं मोजली आणि परत भिंतीला लावलं.

दुपारी मी आडवा पडायचो, हात उशीवर ठेवून. दुकान बंद, गल्ली शांत, लांबून कुठून तरी कुकरची शिट्टी. डोळे मिटले की मृण्मयीचं ते काळं आभाळ दिसायचं, आणि त्यात हिरवी फांदी. ती आता माझ्या मनगटात आहे, असं वाटायचं. लाल हात काढून चाचपतेय. इकडे काही आहे का? नाही. तिकडे? हं. सुमन फोडणीत मोहरी टाकायची, ती तडतडायची, आणि मला झोपेतच वाटायचं, झालं, आज एक मोहरीभर पुढे गेला.

एकदा मृण्मयीला विचारलं, "रस्ता कसा करतो गं तो?"

"जुन्या तारेची रिकामी बोळकांडी असते, त्यात शिरतो. आधी दोऱ्या पुढे काढून चाचपतो. जिथे पकड बसली तिथे मागून नळ्या येतात. नळ्या आल्या की मग रस्ता पक्का."

"म्हणजे आधी चौकशी, मग पाइप, मग रस्ता?"

"हो!"

"मग हा बेंगळूरचा नव्हे."

*

डॉक्टरांनी एक युक्ती शिकवली होती. बोटाने मनगटापासून टिचक्या मारत पुढे जायचं. जिथे मुंग्यांचा झटका येतो, तिथवर नवी तार आली. सुमनने हे काम असं काही अंगावर घेतलं की विचारू नका! दर रविवारी जेवण झालं की माझा हात मांडीवर घ्यायची आणि नारळ वाजवून बघावा तशा टिचक्या मारायची. झटका आला की मी "आई गं" म्हणायचो, आणि ती खूश होऊन तिथे पेनाने टिंब काढायची.

महिना गेला तरी टिंब मनगटावरच. मग एका रविवारी अर्ध्या इंचाने पुढे. मग तळहातावर. माझा हात बसच्या रूटसारखा दिसायला लागला.

एकदा चैत्रा बघायला आली. तिने टिंबं निरखली, आणि ओरडली, "अंकल! लाइफ लाइन क्रॉस आयतु!"

आयुष्यरेषा ओलांडली होती खरी. सुमन म्हणाली, "आता तुम्हाला कोण अडवतोय!"

"कोन अडवत नाही, आंटी," चैत्रा म्हणाली. मराठी तिला एवढंच येत होतं, आणि तेवढंच पुरलं.

*

हाताचे व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. कन्नड बोलायच्या. कन्नडमध्ये मज्जातंतूला 'नर' म्हणतात. मला ठाऊक होतं, सुमनला ठाऊक होतं. मृण्मयीला कन्नड आलं होतं ते रिक्षापुरतं, आणि लॅबमुळे 'वाढतंय' एवढं.

बाईंनी माझा अंगठा वाकवला, सोडला, आणि समाधानाने म्हणाल्या, "नर बेळीता इदे."

मृण्मयीने कानात विचारलं, "काकू, त्या म्हणतायत नर वाढतोय. कुठला नर?"

सुमन म्हणाली, "घरात एकच आहे. आणि घरी बसून बसून तो आडवाच वाढतोय!"

*

पावसाळ्यात मृण्मयीचं काम बिघडलं. पेशी काचेला चिकटेनातच. टोक दोऱ्या बाहेर काढायचं, पकड मिळायची नाही, परत आत घ्यायचं. आठवड्यामागून आठवडे. चेहरा एवढासा झाला. "काका, सगळं तेच, हात तेच, औषधं तीच. काय चुकतंय कळत नाही."

मी म्हणालो, "काच म्हणालीस? कुठली काच?"

तिने पर्समधून डबी काढली. आत नखाएवढ्या काचा, कागदाहून पातळ. मी जन्मात इतकी देखणी काच बघितली नव्हती! डाव्या हाताने चिमट्यात धरली, तोंडाजवळ नेली आणि 'हा' केलं.

आम्ही हेच करतो. स्वच्छ काचेवर वाफ एकसारखी पसरते आणि एकसारखी उडते. तेलकट काचेवर डाग धरते. ह्या काचेवर वाफेचे नुसते ठिपके होते.

"कुणी धुतली?"

"नवीन पाकीट आहे, काका. धुतलेलीच येते."

"धुतलेली म्हणून येते. दोन्हींत फरक आहे. मलासुद्धा तेलकट काचेवर पकड बसत नाही, त्याला कशी बसेल?"

तिने काचा आम्लात धुतल्या. चौथ्या दिवशी दार वाजलं. दारात मृण्मयी, हातात लॅपटॉप, त्यात हिरवी फांदी, आणि फांदीला हा एवढा पंजा! सुमनने तिच्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. तिच्यावरून की पंज्यावरून, ते मला नीट दिसलं नाही.

आता त्यांच्या लॅबमध्ये काच वापरण्याआधी सगळे तोंडाजवळ नेऊन 'हा' करतात म्हणे. त्याला नाव पडलंय. चैत्रा सगळ्यांना दरडावते, "काका माडिद्या?" म्हणजे, काका केलंस का?

*

त्या खुशीत मृण्मयी आम्हाला एका रविवारी लॅब दाखवायला घेऊन गेली. खोलीत दिवा नव्हता. पडद्यावर तोच जिवंत कोण, खरोखरीचा, त्याच क्षणी कुठल्या तरी काचेवर चाललेला. फार हळू. टक लावून बघितलं तर थांबलेला, आणि पापणी लवली की पुढे. काचेवर त्यांनी त्याच्या आवडीच्या द्रव्याची एक पट्टी ओढली होती, वाट म्हणून. कोण वाटेच्या कडेपर्यंत यायचा, एक लाल हात बाहेर काढायचा, नको म्हणून आत घ्यायचा, परत वाटेवर.

सुमन पदर तोंडावर धरून बघत होती. "ह्याला खरंच दिसत नाही?"

"नाही, काकू."

"आणि कुणी सांगत नाही?"

"सांगतात. आजूबाजूचे सांगतात. पण ऐकायचं ते चाचपूनच."

मी कधी बोलायला लागलो मला कळलं नाही. "हां, बरोबर. स्वल्प लेफ्ट. स्वल्प लेफ्ट. आता सरळ." पाठीमागे कुणीतरी खाकरलं. मृण्मयीच्या मॅडम! मी उठायला लागलो.

मॅडमनी खांद्यावर हात ठेवून परत बसवलं आणि मृण्मयीला म्हणाल्या, "बोलू दे त्यांना. इतका सरळ तो तुझ्यासाठी कधी गेला नव्हता!"

*

गणपती आले, गेले. आणि टिंब थांबलं.

बोटांच्या मुळाशी येऊन थांबलं. एक रविवार, दुसरा, तिसरा. सुमन टिचक्या मारायची, मी तिच्या तोंडाकडे बघून "इथेच" म्हणायचो. एका रविवारी मी खोटं बोललो. थोडं पुढे दाखवलं. तिने पेन उचललं, माझ्याकडे बघितलं आणि टिंब न काढता पेन खाली ठेवलं.

निखिलचा फोन यायचा. "काय बाबा?" "चाललंय." एवढंच.

मृण्मयीला विचारलं तर ती खोटा धीर देत नाही. म्हणाली, "थांबतो तो, काका. जिथे रस्ते फुटतात तिथे जास्तच. आम्ही बघतो ना, अशा जागी टोक पसरट होतं, मोठं होतं, सगळीकडे हात काढतं, आणि बसून राहतं. नळ्या आत घुटमळतात."

"काय करत असतो तेव्हा?"

"पत्ता शोधत असतो, बहुतेक."

"आणि नाही सापडला तर?"

माझी मेलेली तीन बोटं तिने आपल्या हातात धरून ठेवली. तिचा हात गार होता की गरम, मला कळलं नाही. दुपार होती. भिंतीवर खिडकीच्या काचेतून पडलेला उन्हाचा चौकोन हळूहळू सरकत होता. बघत राहिलं की थांबलेला, आणि नजर हलली की पुढे.

*

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी आम्ही दुकान उघडलं. उद्या पूजा करायची तर हत्यारं पुसायला हवीत, मग पुढचं पुढे. सुमनने काच कापायचं हिरकणीचं पेन, कोन कापायची करवत, हातोडी, सगळं कापडावर मांडलं. निखिल आला. सोबत दुकान घेऊ म्हणणाऱ्या माणसाचा फोननंबरही आणला होता, खिशात. मृण्मयी आणि चैत्रा झेंडूच्या माळा घेऊन आल्या.

निखिल म्हणाला, "आई, उगाच लांबवायला नको. आत्ताच बघू."

मी स्टुलावर बसलो आणि डोळे मिटले. काच लावण्याआधी धूळ झटकायचा माझा मऊ ब्रश असतो, तो सुमनने घेतला. मला वास आणि आवाज तेवढे येत होते. झेंडूचा वास, रस्त्यावर ऊस उतरवणारे लोक, शेजारच्या दुकानात कुणीतरी भोपळा निवडताना वाजवून बघत होतं.

"काही?" सुमनने विचारलं.

"नाही."

थोड्या वेळाने, "आता?"

"नाही."

निखिलने श्वास सोडला, तो ऐकू आला. त्याचा हात खिशाकडे गेला असणार.

"आता?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. फार लांब, आभाळाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी फुंकर मारावी, तसं.

"थांब गं."

"काय?"

"कुणीतरी आहे."

मृण्मयीचा आवाज अगदी बारीक आला. "कुठे, काका? नीट सांगा. कुठे?"

"मधल्या बोटाला. टोकाला. ब्रश फिरतोय."

मी डोळे उघडले.

ब्रश अंगठ्यावर होता.

मी हात मागे घ्यायला लागलो, पण सुमनने मनगट घट्ट धरलं होतं. मृण्मयी झेंडूच्या माळेसकट खाली बसली. रडत होती की हसत होती देव जाणे. "काका! पोचलाय! पोचलाय तो! फक्त चुकीच्या क्रॉसला वळलाय!"

"बंतु!" चैत्रा ओरडली. "बंतु, अंकल!"

निखिल एकदा माझ्या अंगठ्याकडे बघत होता, एकदा मधल्या बोटाकडे. "पण आई, हे धरायचं का? भलत्याच बोटाला कळलंय."

सुमनने अंगठ्यावरचा ब्रश काढला नाही. तसाच हळूहळू फिरवत राहिली. म्हणाली, "असू दे रे. बेंगळूरात पहिल्या खेपेला बरोबर घरी कोण पोचतो?"